चिंचखेड्याचा संकरित वाण

"मॅडम, हात लावू नका. मुद्देमाल आहे तो," फौजदार घुगे म्हणाले.

"मग हात न लावता झाड कसं ओळखायचं, ते तुम्हीच शिकवा मला," मी म्हणाले.

घुगे जरा ओशाळले. त्यांनी खिशातून रबरी हातमोजे काढून माझ्यापुढे धरले. मोजे त्यांच्या मापाचे होते, माझ्या बोटांपुढे रबराची टोकं नुसती लोंबत होती. तसेच ते चढवून मी चिंचखेड्याच्या त्या शेडनेटमध्ये शिरले.

याला आता सोळा-सतरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा जवळच्याच एका बियाणं संशोधन केंद्रात मिरचीची पैदासकार होते. पैदासकार म्हणजे काय करते हो तुमची मुलगी, असं कुणी विचारलं की माझी आई सांगायची, "झाडांची लग्नं लावते. स्वतःचं तेवढं राहिलंय."

त्या पट्ट्यात हे लग्नं लावायचं काम गावोगाव चालतं. टेकडीवर उभं राहिलं की खाली पांढऱ्या जाळीच्या शेडच शेड दिसतात. आत मिरची, टोमॅटो, भेंडी, काकडी. पण ती बाजारात न्यायला नाही, संकरित बियाण्यासाठी. बायका मादी ओळीतली कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडतात, तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या वाणाच्या नर ओळीतला पराग आणून तिला लावतात. लावलेल्या फुलाला खूण म्हणून लोकरीचा धागा बांधायचा, की ते फूल झालं. या सगळ्याला तिकडे 'क्रॉसिंग' म्हणतात, आणि ते चालतं त्या शेडला 'प्लॉट'. ज्या बाईचा हात चांगला, तिच्या दारात हंगामाआधीच कंपन्यांच्या गाड्या उभ्या राहतात.

घुग्यांचा फोन त्या दिवशी सकाळीच आला होता. चिंचखेड्यातल्या एका शेडमध्ये गांजा सापडला होता. शेड भाड्याने घेणारा तन्मय सबनीस नावाचा पुण्याचा तरुण पळून गेला होता. रासायनिक तपासणीचा अहवाल यायला वेळ लागणार, तोवर कुणी जाणत्या माणसाने झाड पाहून दोन शब्द सांगावेत, एवढंच घुग्यांचं म्हणणं होतं. "आणि मॅडम, वरचे साहेब विचारतायत, हा हायब्रीड गांजा म्हणजे नेमकी काय भानगड आहे? संध्याकाळी ते स्वतः येतायत. पत्रकार असतील. मला काहीतरी बोलता यायला पाहिजे."

आमच्या संचालकांनी मला जायची परवानगी दिली. नसती दिली तरी मी गेले असते. नसत्या चौकशा करायची मला लहानपणापासून खोड आहे, आणि गांजाचं जिवंत झाड मी तोवर पाहिलं नव्हतं.

शेडकडे येताना शेततळ्याच्या काठावर एक बाई बसलेली दिसली होती. पन्नाशीची, काटक, डोईवरचा पदर घट्ट खोचलेला. शेजारी एक महिला शिपाई उभी होती.

"ती कोण?" मी विचारलं.

"इथली मुकादम. मालक पळाला, मजूर बायका पांगल्या, ही तेवढी सापडली. लागवडीपासून सगळं हीच बघत होती. संध्याकाळपर्यंत आरोपी म्हणून तिचं नाव घालतोय." घुग्यांनी आवाज खाली घेतला. "या कायद्यात जामीन सहजासहजी मिळत नाही, मॅडम. मलाही बरं वाटत नाही. पण मला काही माहीत नाही, एवढंच म्हणते. माहीत नाही कसं? पोराबाळांसारखं सांभाळलंय पीक."

पीक खरोखर तसंच सांभाळलेलं होतं. आत शिरले आणि आधी वासाने गाठलं. पहिल्यांदा लिंबाची साल सोलल्यासारखा, मग कैरीच्या चिकाचा, आणि सगळ्यात शेवटी राळेसारखा काहीतरी जड वास. घुग्यांनी नाकाला रुमाल लावला. मी आणखी दोन श्वास घेतले.

"घुगे, याचे आईबाप दोन वेगळ्या मुलखांतले आहेत."

"कुणाचे?"

"झाडाचे."

मला त्या वनस्पतीची पुस्तकी ओळख होती. एक जात उष्ण प्रदेशातली, उंच आणि शिडशिडीत. तिच्या पानाची बोटं लांब, बारीक. फुलायला ती निवांत वेळ घेते. दुसरी थंड, डोंगराळ भागातली. बुटकी, भरदार, रुंद पानांची, थंडी कडक व्हायच्या आत फुलून मोकळी होणारी. माझ्यासमोर दोघींची भेसळ उभी होती. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, म्हणजे उंची पहिलीची. खालची पानं तळहातासारखी रुंद, म्हणजे ती दुसरीची. शेंड्याकडे येता येता पानं बारीक होत गेलेली. फुलांचे तुरे मात्र दाट, एकावर एक बसलेले, आणि त्यांच्यावर साखर सांडावी तसे बारीक चिकट ठिपके. नशा असते ती या चिकात. काही तुऱ्यांना थंडीने जांभळी छटा आली होती.

मी ओळीतून पुढे सरकत गेले आणि माझी उत्सुकता वाढतच गेली. संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी निघते, सगळी झाडं एका मापाची. तोच तर संकराचा फायदा. इथे एक झाड ताडमाड, शेजारचं कमरेएवढं. एकाला लिंबाचा वास, दुसऱ्याला नुसताच राळेचा. एक आईवर गेलेलं, एक बापावर, आणि बाकीच्यांनी दोघांचं थोडं थोडं उचललेलं.

"तुमच्या सबनीसला बियाणंवाल्याने फसवलंय," मी म्हणाले. "हायब्रीड म्हणून हायब्रीडच्या पोटचं बी त्याच्या गळ्यात मारलंय. दुसऱ्या पिढीचं. म्हणून ही भावंडं अशी पांगली."

"त्याने येऊन तक्रार दिली तर नोंदवून घेऊ," घुगे गंभीरपणे म्हणाले. मग आम्ही दोघंही हसलो.

घुग्यांच्या मते माझं काम तिथे संपलं होतं. झाड तेच, वाण संकरित, गुण असे असे. ते वळले सुद्धा. मी मात्र एक तुरा बोटांत धरून उलगडत बसले होते. मिरचीच्या फुलांत वीस-बावीस वर्षं काढल्यावर फूल दिसलं की ते उघडून पाहिल्याशिवाय हात राहात नाही. आतून एक बी निघालं. करड्या रंगाचं, वर तपकिरी नक्षी असलेलं, चांगलं पोसलेलं.

"हे इथे कसं आलं?" मी म्हणाले.

"झाडाला बी येणारच ना, मॅडम."

"नाही यायला पाहिजे. तेच तर." मी पुढचा तुरा उघडला. बी. त्याच्या पुढचा. बी. खालच्या फांदीवरचा, आतल्या बाजूचा, जाळीला लागून असलेला. सगळीकडे बी.

मी घुग्यांना समजावून सांगितलं. या वनस्पतीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नशेसाठी लावणारे लोक नर दिसला की उपटून टाकतात. मादीला पराग मिळाला नाही की ती फुलांवर फुलं काढत राहते आणि चीक वाढत जातो. तोच माल महाग. एकदा का बी धरलं की झाडाचं सगळं लक्ष बियांत जातं, चीक आटतो आणि ओढणाऱ्याच्या तोंडात तडतडणाऱ्या बिया येतात. असा माल कुणी शहाणा गिऱ्हाईक घेत नाही.

"वाऱ्याने आला असेल पराग," घुगे म्हणाले.

"कुठून? शेडमध्ये एकही नर नाही. आणि वारा एका बाजूने येतो. त्या बाजूला बी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, असं दिसलं असतं. इथे पंगतीत वाढल्यासारखं सगळ्यांना सारखं मिळालंय."

मी खाली वाकले. झाडांच्या बुडाजवळचे बारीक, निकामी फुटवे कुणीतरी नखाने खुडलेले होते. ताकद वरच्या फुलांना मिळावी म्हणून आमच्याकडे बायका हेच करतात. मग एका फांदीच्या बेचक्यात, पानाखाली, मला लाल लोकरीचा एक तुकडा दिसला. बोटभरही नव्हता. बाकीचा धागा कुणीतरी ओढून काढला होता, एवढाच गाठीत अडकून राहिला होता.

मी तिथेच मातीत बसकण मारली. मला हसू यायला लागलं.

"घुगे, त्या बाईचं नाव काय?"

"द्वारका म्हस्के."

हे नाव मला ठाऊक होतं. आमच्या केंद्राने तिला दोन हंगाम बोलावणं धाडलं होतं आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कुणीतरी तिला आधीच नेलेलं होतं. मिरची असो, टोमॅटो असो, द्वारकाबाईने लावलेलं फूल वाया जात नाही, असं त्या पट्ट्यात सगळे म्हणायचे.

शेततळ्याच्या काठावर मी तिच्यासमोर बसले. तिने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या लोंबणाऱ्या मोज्यांकडे पाहिलं आणि पदर आणखी पुढे ओढला.

"द्वारकाबाई, मी बोरकर. मिरची केंद्रातली."

"आसाल. मला काई माहीत नाई, म्याडम. शेटनं सांगितलं तेवढं केलं."

"काय सांगितलं होतं शेटनं?"

"पानी द्या. खत द्या. जाळीचं दार लावून घ्या. कुनाला आत घिऊ नका."

"आणि नर झाडांचं काय सांगितलं होतं?"

तिची नजर पटकन घुग्यांकडे गेली आणि परत आली. "उपटून फेका म्हनले."

"मग?"

"फेकले."

"सगळे?"

"समदे. दिसले तसे फेकले. मालकाच्या सांगन्याभाईर मी जात नसते. कुनालाबी इचारा."

"मग तिथे क्रॉसिंग कुणी केलं?"

"कसलं कराशिंग? तिथं काई केलं नाई कुनी." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मी नाई केलं. माझ्या बायांनीबी नाई केलं."

मला काही उमगेना. तिला वाचवणारी एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच ती नाकारत होती. मी गोडीने विचारलं, धागा दाखवला. "आसंल कुनाच्या स्वेटराचा," ती म्हणाली. घुगे माझ्या कानाशी लागले, "मॅडम, बघितलंत ना? सकाळपासून हेच. साहेब यायच्या आत मला कागद पुरे करायचेत."

घुग्यांचं चुकत नव्हतं. नुसत्या माझ्या तर्काला कुणी विचारलं नसतं. ती स्वतः बोलायला हवी होती. मला भीती वाटली की ही बाई अशीच घट्ट मिटलेल्या तोंडाने गाडीत बसेल आणि मी दारात उभी राहून पाहात राहीन.

मी उठले. मोजे काढून झटकले आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "जाऊ द्या घुगे, नका विचारू यांना. हे काम काही द्वारकाबाईंचं नाही. क्रॉसिंग झालंय, पण कुणीतरी नवशिक्या पोरींनी केलेलं. निम्मी फुलं रिकामी गेलीत. कुठे लागलंय, कुठे नाही. भिकार काम."

मी चार पावलं गेले असेन.

"कोन म्हनतं निम्मी रिकामी?"

मी वळून पाहिलं. द्वारकाबाई उभी होती. महिला शिपाई तिला बसवायला गेली तर तिने तिचा हात बाजूला सारला.

"मी म्हणते. आत्ता पाहून आले."

"काय पाह्यलं? डोळे हायेत का काय? एक फूल दावा मला रिकामं. एक! चला आत. तुमी म्हनसाल त्या झाडाची, तुमी म्हनसाल ती फांदी. रिकामं निघालं तर मी आजपासून चिमटा हातात धरायची नाई."

घुग्यांच्या हातातलं पेन अर्ध्यावरच थांबलं होतं. मी जिथल्या तिथे उभी राहिले. आता मधे बोलायची गरज नव्हती.

मग ती बोलत गेली. सबनीसने तिला सांगितलं होतं, ही औषधी अंबाडी आहे, परदेशी जात आहे, हिचं तेल निघतं, लाखमोलाचं. पान अंबाडीसारखंच होतं, तिला पटलं. झाडं कमरेला लागली तेव्हा तिने पाहिलं की काहींना नुसते घोस लटकतायत आणि काहींना धाग्यासारख्या पांढऱ्या मिशा फुटल्यात. "पपईवानी. नर येगळा, मादी येगळी. म्या वळखलं लगीच. शेटला फोन केला. तर ते म्हनले, घोसवाली समदी उपटा, जाळा. एकबी ठिऊ नका."

"आणि तुम्ही उपटली नाहीत."

"म्याडम, तेल कशात आसतं? बियात. नर जाळल्यावर बी कुठून यावं? पोरगं शहरातलं, लॅपटाप घिऊन बसनारं, त्याला काय ठावं? आमच्याकडं दर साली आसं एखादं येतं. शेड घेतं, पैसा लावतं, कुनाचं ऐकत नाई, आन हंगाम सरल्यावर डोक्याला हात लावून बसतं. मला दया आली त्याची. म्हनलं, याला समजून सांगत बसन्यापरीस आपुन करून ठिवावं. बी हातात पडल्यावर खूश व्हईल."

तिने मोजकी नर झाडं मुळासकट काढून पलीकडच्या जुन्या रोपवाटिकेत नेऊन लावली होती. घोस पिकले की पराग स्टीलच्या डबीत झाडून घ्यायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत कापसाच्या बोळ्याने मिशामिशांना लावायचा. सोबत दोन बायका. लावलेल्या फांदीला लाल लोकर. कुठली फांदी राहिली, कुठली झाली, ते चुकायला नको म्हणून.

"मग लोकर काढली कधी?"

"शेट यायचे व्हते. बी भरल्याशिवाय त्यास्नी कळू द्यायचं नव्हतं. समदे धागे सोडले. नर बी उपटून उकिरड्यात पुरले. कराशिंग झाल्यावर नर ठिवायचा नसतो, ते तर कुनालाबी ठावं हाय." एवढं बोलल्यावर तिचा आवाज खाली आला. "आन मंग ह्ये पोलिस आले."

"मग सकाळपासून तुम्ही हे बोलला का नाहीत?" घुगे न राहवून म्हणाले. "मी गांजा गांजा म्हणून ओरडतोय!"

"ते तुमी शेटबद्दल म्हनत व्हता. मला वाटलं, मला धरलं ते नराच्या पायी. शेटनंच सांगितलं आसंल तुमास्नी, की ह्या बाईनं सांगितलेलं ऐकलं नाई, परस्पर नर ठिवले. मुकादमानं मालकाचं मोडलं म्हंजी गुन्हाच ना तो."

मी घुग्यांकडे पाहिलं. घुगे आपल्या बुटांकडे पाहात होते.

"मावशी," ते म्हणाले, "गांजा तुम्हाला ओळखू नाही आला?"

"वाळलेला पाह्यलाय की. मठातल्या बुवाच्या चिलमीत. वला कुनी पाह्यला?"

उकिरडा उकरला. घुग्यांचे शिपाई नाकं मुरडत फावडी चालवत होते. शेणाखाली नर झाडांचे वाळके सांगाडे निघाले, घोसांसकट. जुन्या रोपवाटिकेत त्यांच्या मुळांचे खड्डे होते. एका कोनाड्यात स्टीलची डबी होती आणि तिच्या तळाला अजून पिवळसर भुकटी चिकटलेली होती. मी भिंगातून पाहिली. परागच होता.

"म्हणजे मला नीट समजू द्या," घुगे मला बाजूला घेऊन म्हणाले. "सबनीसला तुरे हवे होते बी नसलेले. या बाईने एकेका फुलाला धरून बी बसवलं."

"सगळ्या शेडभर."

"मग हा माल बाजारात..."

"फुकट दिला तरी कुणी घेणार नाही. आणि ज्याला ठाऊक आहे की आपण गांजा पिकवतोय, तो हे चुकूनही करणार नाही. नर मारायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. हिने उन्हातान्हात राबून त्याच्या अगदी उलट केलं. ही बियाणं करत होती, घुगे. तिला दुसरं काही येतच नाही."

घुग्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि खो खो हसत सुटले. मीही हसले. सकाळपासूनचा ताण उतरला होता. महिला शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. द्वारकाबाई आमच्याकडे पाहात होती, एकाकडून दुसऱ्याकडे.

"म्याडम," ती म्हणाली, "शेटला बी नको व्हतं?"

माझं हसू थांबलं. "नको होतं."

"आजाबात नको व्हतं?"

"बी झालं की ते पीक त्याच्या कामाचं राहात नाही, द्वारकाबाई."

ती तळ्याच्या काठावर खाली बसली. "म्हंजी पलाट वाया गेला," ती म्हणाली. "माझ्या हातानं." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सकाळपासून पोलिसांनी दरडावलं, गाडीत घालण्याची भाषा केली, तेव्हा ती रडली नव्हती.

"अहो मावशी, तो गांजा होता!" घुगे कळवळून म्हणाले. "वाया गेला ते बरंच झालं!"

"आसंल. पन मानसानं इस्वासानं शेड हातात दिली व्हती. आजवर माझा एक पलाट फेल नाई गेला." तिने पदराने नाक पुसलं. "तेवढं तरी इचारायचं व्हतं म्या त्याला, बी पायजे का म्हनून."

तिचं काम चुकलं नव्हतं, तिचा मालक चोर होता, हे सगळं मी बोलले. तिने मान डोलावली, पण ते तिच्यापर्यंत पोहोचलं असं मला वाटलं नाही. मी तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून त्या चिकाने काळपट होती आणि ती बोटं ती मातीत घासत होती.

उन्हं कलायला लागली तसे घुगे लगबगीने जबाब लिहायला बसले. आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. साहेबांशी फोनवर त्यांचं बोलणं झालं होतं. साहेबांना आधी पटेना, मग मी बोलले, मग पटलं. शेडच्या दारात खुर्ची टाकून घुग्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. द्वारकाबाई पुढ्यात उकिडवी बसून ऐकत होती.

"'सदर झाडे औषधी अंबाडीची असल्याचे मालकाने मला सांगितले. मालकाने फोनवरून नर झाडे उपटून जाळण्यास सांगितले असता, मी त्याचे न ऐकता...'"

"ते लिवू नका," द्वारकाबाई म्हणाली.

"काय?"

"न ऐकता म्हनलं ते. खोडा तेवढं."

"का?"

"सायेब, मी या कामावर जगते. उद्या ह्ये कोर्टात वाचतेन, पेपरात येईल. शेडवाले म्हनतेन, ही बाई मालकाचं ऐकत नाई, आपल्या मनाचं करती. कोन देईल मला पलाट?"

घुग्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, नीट ऐका. तुम्ही त्याचं ऐकलं नाही, म्हणून तुम्ही या खुर्चीसमोर बसलात. ऐकलं असतंत तर आत्ता त्या गाडीत असता. हे वाक्य खोडलं की मला तुम्हाला सोडता यायचं नाही."

हे तिला लगेच पटेल असं मला वाटलं होतं. पण ती खरंच विचार करत बसली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर आला आणि गेला. टेकडीखालच्या शेडमधून काम आटोपून बायका घराकडे निघाल्या होत्या. त्यातल्या दोघीतिघी बांधावर थांबून इकडे पाहायला लागल्या. द्वारकाबाईने त्यांना पाहिलं. मी 'सही करा' म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. तो सवाल माझा नव्हता.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती शेवटी म्हणाली. "पन त्याच्याफुडं आनिक एक लिवायचं."

"काय?"

"ऐकलं नाई ते नाई. पन काम करून दावलं. पयल्या झाडापासून शेवटच्या झाडापोतर बी भरलं. एकबी पोचट नाई. आसं लिवा."

घुग्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे जबाबात कशाला? साहेब मला हसतील."

"लिहा," मी म्हणाले. "त्यावरच तर सुटतायत त्या."